रस्त्याच्या डांबराचें गणित

घरापुढील गल्लीचें डांबरीकरण निघालें म्हणजे वर्गणी किती द्यावयाची, एवढेंच बहुधा आपण विचारतों. माल किती लागेल, हा प्रश्न कंत्राटदारावर सोडून देतों. वास्तविक त्याचें उत्तर शाळेंतील घनफळाच्या गणिताएवढें सोपें आहे.

समजा, गल्ली १०० मीटर लांब व ३ मीटर रुंद आहे. रुंदी सारखी नसल्यास चार-सहा ठिकाणीं मोजून सरासरी घ्यावी. क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर झालें. थर ५ सेंटिमीटर, म्हणजे ०.०५ मीटर जाडीचा हवा असल्यास घनफळ १५ घनमीटर. रोलरनें दाबलेल्या डांबरी मिश्रणाचें वजन दर घनमीटरास सुमारें २.४ टन भरतें; तेव्हां ३६ टन माल लागेल. नुकसानीसाठीं शेंकडा ५ धरले, म्हणजे सुमारें ३८ टन. जुने खड्डे भरण्याचा माल याहून वेगळा. या मिश्रणांत बहुतेक खडी व बारीक चुरीच असते; खनिज तेल शुद्ध करतांना तळाशीं उरणारें बिटुमेन, ज्याला आपण डांबर म्हणतों, तें वजनानें शेंकडा ५ च्या आसपास, म्हणजे दोन टनांहूनहि कमीच असतें.

आतां खरी मेख पाहा. लांबी-रुंदी फीत धरून कोणासहि पडताळतां येते; जाडी मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. शिवाय पसरलेला गरम माल सैल असतो, व रोलरखालीं तो सुमारें एक पंचमांश खालीं बसतो. करारांत नुसते ‘५ सेंटिमीटर’ लिहिले असतील, तर पसरतांना ५ मोजून दाखविणारा कंत्राटदार खोटें बोलत नाहीं. पण आपल्या पदरीं ४ च पडतात, आणि ३६ टनांचें काम २९ टनांत भागतें. हा सात टनांचा फरक ‘दबाईनंतर’ या एका शब्दानें टळतो.

म्हणून तो शब्द करारांत लिहवून घ्यावा, प्रत्येक गाडीची वजनकाट्याची पावती मागावी, आणि पावत्यांची बेरीज जुळल्यावरच बिल चुकतें करावें. प्रामाणिक कंत्राटदारास यांत अडचण वाटणार नाहीं. पातळ थरहि पहिल्या पावसाळ्यापर्यंत जाड थराइतकाच काळाभोर दिसतो, व तोंवर पैसे देऊन झालेले असतात. काम सुरू होण्यापूर्वींच हें गणित घरांतील मुलांकडून करवून घ्यावें. घनफळ कशासाठीं शिकावयाचें, हें त्यांनाहि कळेल.