ठाण्याची खाडी आणि मंगोलांचा समुद्र

सन्माननीय अध्यक्ष महोदय, महाराष्ट्रातून आणि बंगालच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले अभ्यासक, बंधू आणि भगिनींनो,

बालीगंजमध्ये स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनापासून स्वागत करतो. मंगोलकालीन व्यापार हा विषय कलकत्त्यातल्या मराठी मंडळींनी का घ्यावा, असे अनेकांनी विचारले. मंगोलांची सत्ता ना देवगिरीवर होती, ना बंगालवर. पण त्यांच्या अमलात चीन आणि इराण यांच्यात जी ये-जा वाढली, तिचा एक जलमार्ग ठाण्यावरून जात होता.

मार्को पोलोने ठाण्याचे वर्णन केले आहे. कातडी, सुती कापड आणि धूप हा इथला माल. चाच्यांशी इथल्या राजाचा करारच होता, असे तो सांगतो: लुटीतले घोडे राजाचे, बाकी सारे चाच्यांचे. चांगला घोडा दक्षिणेत पैदा होत नसे, तो अरबस्तान आणि होर्मुझहून गलबतात भरून येई. आपल्या घोडदळांचा इतिहास समुद्रावरूनही लिहायला हवा, तो याचसाठी.

1321 साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मप्रचारक मारले गेले. पुढे ओदोरिक नावाचा त्यांचा पंथबंधू होर्मुझहून 28 दिवसांत ठाण्याला आला, तोही लोखंडाचा खिळा न वापरता नुसत्या दोरीने शिवलेल्या गलबतातून. मृतांच्या अस्थी त्याने सोबत घेतल्या आणि चीनमधल्या झैतून बंदरात, म्हणजे आजच्या क्वानझोऊमध्ये, आपल्या पंथाच्या मठात नेऊन ठेवल्या. ठाण्यापासून चीनपर्यंत एवढे ओझे जपून नेता येत होते! त्याचे प्रवासवर्णन 1866 मध्ये इंग्रजीत आणले हेन्री यूल यांनी. ते बंगाल इंजिनियर्सचे अधिकारी, आणि त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे याच शहरात गेली.

इब्न बतूता तर आपल्या दोन्ही प्रांतांचा साक्षीदार. मुहंमद तुघलकाने त्याला चीनच्या मंगोल सम्राटाकडे वकील म्हणून धाडले. 1342 मध्ये दिल्ली सोडून तो दौलताबाद, नंदुरबार करत गेला. तिथल्या मराठ्यांमधले कारागीर, वैद्य, ज्योतिषी त्याने नोंदले. कालिकतला वादळाने जहाजे फुटली, सम्राटाचा नजराणा गेला. तरी मालदीवमार्गे तो बंगालमध्ये पोचला, इतकी स्वस्ताई जगात कुठे पाहिली नाही असे म्हणाला आणि सोनारगावहून पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजात चढला.

या शतकांकडे आपण देवगिरीच्या तटावरून, उत्तरेला तोंड करून पाहत आलो: 1296, अल्लाउद्दीन, खंडणी. तो घाव खोल आहे, नाकारण्याचा प्रश्नच नाही. पण ठाणे, सोपारा, चौलचा काठ त्या नादात मागे राहिला. त्याची साधने फारसीत आहेत, अरबीत आहेत, लॅटिन आणि चिनीतही आहेत. एकट्या मराठी अभ्यासकाला ती पेलणार नाहीत. बंगाली विद्वानांना आम्ही आग्रहाने बोलावले ते यासाठी. या दोन दिवसांत निदान साधनांची एक सामाईक यादी तयार व्हावी आणि कोणी काय वाचायचे ते ठरावे, अशी समितीची कळकळीची विनंती आहे.

आता अध्यक्ष महोदयांनी सूत्रे हाती घ्यावीत.