ज्ञानेश्वर मुळे आणि अर्जातली लाल चांदणी

आजचा एपिसोड एका डिप्लोमॅटवर आहे. पण मी बोलणार आहे ते पासपोर्टच्या अर्जाबद्दल. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, रोज फॉर्म्स बनवतो. त्यामुळे या माणसाचं काम मला जरा जास्तच भिडतं.

ज्ञानेश्वर मुळे. गाव अब्दुल लाट, कोल्हापूर जिल्ह्यातला शिरोळ तालुका. मराठी माध्यमात शिकलेला मुलगा. आधी एमपीएससी करून उपजिल्हाधिकारी झाले, मग 1983 मध्ये भारतीय परराष्ट्र सेवेत गेले. टोकियो, मॉस्को, मॉरिशस, दमास्कस अशा पोस्टिंग्ज झाल्या. 'माती, पंख आणि आकाश' हे त्यांचं आत्मकथन तुमच्यापैकी कितीतरी जणांनी यूपीएससीच्या तयारीत वाचलं असेल.

पुढे ते मालदीवमध्ये उच्चायुक्त होते. तिथे काम सोपं नव्हतं. फेब्रुवारी 2013 मध्ये माजी अध्यक्ष मोहम्मद नशीद अटक टाळायला थेट मालेच्या भारतीय उच्चायुक्तालयात येऊन राहिले. त्यानंतर मुळे न्यूयॉर्कला कॉन्सुल जनरल झाले. एवढं ग्लॅमर बघितलेला माणूस 2016 मध्ये दिल्लीत परतला आणि हातात आलं काय? पासपोर्ट आणि व्हिसाचा विभाग. ऐकायला एकदम कंटाळवाणं ना?

आता गंमत बघा. अर्ज तोवर ऑनलाइन झाला होता, अपॉइंटमेंटही मिळत होती. म्हणजे सिस्टिम चालू होती. पण कोल्हापूरच्या माणसाला कागद दाखवायला पुणं गाठावं लागायचं. सव्वादोनशे किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, वर एक दिवसाची मजुरी बुडायची. सर्व्हर कितीही फास्ट असला तरी एसटीचा प्रवास काही कमी होत नाही.

आणि दुसरी अडचण होती नियमांची. तुमचा जन्म 26 जानेवारी 1989 किंवा त्यानंतरचा असेल, म्हणजे तुम्ही-मी सगळेच, तर जन्मदाखला सक्तीचा होता. अर्जात आई-वडील दोघांची नावं हवी होती. एकट्या आईनं वाढवलेल्या मुलीनं त्या रकान्यात काय लिहायचं? आम्ही फॉर्ममध्ये सक्तीच्या रकान्याला लाल चांदणी लावतो. लावायला एक सेकंद लागतो. पण त्या एका चांदणीमुळे कुणाची परदेशातली नोकरी अडकू शकते.

डिसेंबर 2016 मध्ये सरकारनं हे नियम बदलले. जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन असे कागदही चालू लागले. आई, वडील किंवा पालक, कुणा एकाचं नाव पुरेसं झालं. विवाहाचा दाखला गेला. नोटरीऐवजी साध्या कागदावर स्वतः सही करून दिलेलं निवेदन चालू लागलं. जानेवारी 2017 मध्ये म्हैसूर आणि दाहोदच्या मुख्य पोस्टांत प्रायोगिक पासपोर्ट केंद्रं उघडली. नंतर ही केंद्रं देशभर पसरली, कोल्हापुरातही आली. कुणालाही 50 किलोमीटरपेक्षा लांब जायला लागू नये, हे सरकारनं जाहीर केलेलं उद्दिष्ट होतं.

हे सगळं एकट्या मुळेंनी केलं असं मी म्हणणार नाही. मंत्री सुषमा स्वराज होत्या, टपाल खातं होतं, अख्खी टीम होती. पण विभागाचे सचिव मुळे होते, आणि लोक त्यांना 'पासपोर्ट मॅन' म्हणू लागले ते उगाच नाही. 2019 च्या जानेवारीत ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षी राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे सदस्य झाले.

आपल्याला वाटतं, सरकारी काम सुधारायचं म्हणजे नवीन ॲप आणायचं. इथे सगळ्यात मोठा फरक पडला तो काही अटी काढून टाकल्यामुळे आणि आधीपासून गावोगाव असलेलं पोस्ट वापरल्यामुळे. तुमच्यापैकी कुणी उद्या अधिकारी होईल, कुणी माझ्यासारखं कोड लिहील. सक्तीचा रकाना टाकण्याआधी एवढंच विचारा: हा ज्याला भरता येणार नाही, तो माणूस कोण आहे?

तुमच्या घरात पहिला पासपोर्ट कुणी काढला, कुठे जाऊन काढला, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!