मजूर कुणाचा?



पहिल्या रांगेत साखर कारखान्यांचे संचालक बसले आहेत. त्यांचा मान राखून, पण त्यांच्या तोंडावरच बोलतो.

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या धारूर, केज, पाटोद्याहून ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या निघतात. त्याआधीच मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, आगाऊ उचल घरात येऊन संपलेली असते. आता ती अंग मोडून फेडायची. हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, आणि मुकादमाच्या वहीत नाव एकट्या नवऱ्याचं. बाई पहाटेच्या अंधारात उसाच्या फडात उतरते, मोळ्या बांधते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. ट्रक रात्री दोनला आला तरी उठून भरायचा. मग कोपीत, त्या झोपडीत, परतून चूल. ताप आला, पाळीत पोट दुखलं म्हणून बसली, की तो दिवस खाडा. मजुरी बुडते आणि वर दंड उचलीत चढतो.

खाडा नको म्हणून, डॉक्टरांनी कॅन्सरची भीती घातली म्हणून, या बायकांनी गर्भाशयं काढून घेतली. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पंचविशी-तिशीतल्या पोरी होत्या त्यांत.

यावर आपल्यातलेच शहाणे म्हणतात, हे लोक लग्नात पैसा उधळतात, दारू पितात, म्हणून गरीब राहतात. साफ खोटं आहे हे! आपण घर, गाडी सगळं कर्जावर घेतो. हप्ता थकला म्हणून आपल्या बायकोला कुणी परजिल्ह्यात राबायला नेत नाही.

असं राबवणं ही वेठबिगारीच, पण ती १९७६ च्या कायद्याने संपली म्हणतात. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवून घेणं ही घटनेच्या २३ व्या कलमाने बंद केलेली सक्तमजुरीच आहे. तो निकाल आमच्या फडापर्यंत का पोचला नाही?

कारखाना म्हणतो, हे मजूर मुकादमाचे, आमचे नव्हेत. अहो, कुठला फड कधी तुटायचा हे कारखाना ठरवतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या बिलातून कारखानाच कापतो. मुकादमाशी करारही कारखान्याच्याच तोडणी-वाहतूक यंत्रणेचा. मग अपघात झाला, बाळंतपण आलं की मजूर परका कसा होतो? २०२४ च्या जानेवारीत तोडणीदर ३४ टक्क्यांनी वाढला, तोही मजुरांनी कोयता बंद ठेवून संप केल्यावर. आपण होऊन कुणी काही दिलेलं नाही.

आणि लेखक मंडळी, घामावरच्या कविता पुरे झाल्या. मुकादमाची वही मागा, वाचा, तिच्यातला एकेक आकडा लिहा. उचल किती, खाडे किती, शेवटी अंगावर कर्ज उरलं किती. मराठीत हे पुरेसं आलेलं नाही, आणि त्याचा दोष आपल्यावर आहे.

या सभेचा अध्यक्ष म्हणून मी ठराव मांडतो. तोडणी कामगाराचा मालक म्हणून कारखान्याची नोंद व्हावी, प्रत्येक बाईचं नाव आणि मजुरी वेगळी लिहिली जावी, आणि खाड्याचा दंड बंद व्हावा. ज्यांचा विरोध असेल त्यांनी इथेच उभं राहून कारण सांगावं. मी थांबतो आहे.