साधे म्हणजे कसेही नव्हे



आज आपण धड्याचे पुस्तक थोडे बाजूला ठेवू. आज आपण कपड्यांविषयी बोलू.

तुम्ही म्हणाल, गुरुजींना या वयात कपड्यांचे काय सुचले? त्याला कारण घडले आहे. आपल्या रात्रीच्या वर्गातला एक तरुण उद्या सकाळी नोकरीच्या मुलाखतीला जाणार आहे. तालुक्याच्या गावी शेतीची अवजारे बनवणारा एक छोटा कारखाना आहे. तिथे मदतनीस पाहिजे. मालकांनी फोनवर सांगितले, "उद्या नऊ वाजता सहज येऊन भेट. थाटमाट काही नको. साधाच ये."

झाले! 'साधाच ये' या दोन शब्दांनी घरात गोंधळ उडाला. आई म्हणाली, "लग्नातला सफारी घाल. चार माणसांत उठून दिसशील." मित्र म्हणाला, "साधाच ये म्हणालेत ना? मग जीन घाल." त्या जीनला दोन्ही गुडघ्यांवर भोके. ती विकत आणली तेव्हाच पडलेली होती म्हणे! आजोबा म्हणाले, "अंगावर आहे त्यावर जा. त्यांना माणूस पाहिजे, कपडे नव्हेत."

शेवटी तो काल रात्री आमच्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, "गुरुजी, साधे म्हणजे नेमके काय घालू?"

प्रश्न लहान दिसतो. पण ज्या घरात चार तोंडे एका पगाराची वाट बघत आहेत, त्या घराला तो लहान नसतो. म्हणून आम्ही त्याला म्हटले, "उत्तर सगळ्या वर्गापुढे देतो. ते सगळ्यांच्याच उपयोगी पडेल."

उत्तर देण्याआधी आमच्या दोन चुका सांगतो. दुसऱ्याच्या चुका सांगणे सोपे असते. पण आपल्याच चुका आपल्याला जास्त शिकवतात.

पहिली चूक १९८१ सालची. आम्ही मॅट्रिक होऊन शिक्षकाचे शिक्षण घेतले होते. एका शाळेत मुलाखतीला बोलावणे आले. आमच्याकडे एक पांढरा सदरा होता. आईने तो धुऊन, घडी घालून ठेवला होता. पण आमचे मन त्यावर भरेना. आम्ही मामांचा कोट मागून आणला. मामा अंगाने बारीक. कोट आम्हाला काखेत आवळत होता. त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. त्यात मे महिना. घामाने आमची आंघोळ झाली.

मुलाखतीत पाच माणसे बसली होती. एकाने सांगितले, "मास्तर, फळ्यावर त्रैराशिकाचे एक गणित सोडवून दाखवा." आम्ही खडू घेऊन हात वर केला, तोच काखेतली शिवण चर्रकन उसवली. दोघे जण हसले. आमचे सगळे लक्ष त्या काखेत गेले आणि येत असलेले गणित आम्ही विसरलो.

त्यातले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "मास्तर, कोट काढून ठेवा. मग सोडवा." आम्ही कोट काढला. आत आईने धुतलेला सदरा होता. हात मोकळा झाला आणि गणितही सुटले. नोकरी मिळाली, ती त्या साध्या सदऱ्यावर. मामांचा कोट मात्र शिंप्याकडे न्यावा लागला आणि मामीचे बोल ऐकावे लागले ते वेगळेच.

तेव्हापासून आम्ही एक गोष्ट शिकलो. ज्या कपड्याकडे आपले लक्ष राहते, तो कपडा मुलाखतीला चांगला नव्हे. जो अंगावर आहे हे आपण विसरून जातो, तो चांगला.

आता दुसरी चूक. ही जास्त वाईट आहे, कारण तिचा भुर्दंड दुसऱ्याला पडला.

पुढे आम्ही हेडमास्तर झालो. आता आम्ही टेबलाच्या पलीकडे बसू लागलो. एकदा शिपायाची जागा भरायची होती. पावसाळ्याचे दिवस होते. तीन उमेदवार आले. त्यातल्या एकाची विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती. पायांत वहाणा नव्हत्या. आम्ही त्याच्याकडे पाहिले आणि मनात म्हटले, "जो स्वतःला नीट ठेवत नाही, तो शाळा काय नीट ठेवणार?" त्याला धड दोन प्रश्नही विचारले नाहीत. कागदावर त्याच्या नावापुढे एकच शब्द लिहिला, 'गबाळा'.

आठ दिवसांनी खरी हकिगत कळली. त्या दिवशी ओढ्याला पाणी आल्यामुळे एसटी अलीकडेच थांबली होती. बाकीचे प्रवासी परत गेले. हा मात्र पाणी ओसरताच ओढा पार करून, पाच मैल चालून वेळेवर पोहोचला होता. त्याची एक वहाण ओढ्यात वाहून गेली होती. दुसरी त्याने पिशवीत ठेवली होती. असा माणूस शाळेला मिळाला असता तर केवढे बरे झाले असते! पण तोवर जागा भरली होती. ज्याला घेतले तोही माणूस वाईट नव्हता. पण म्हणून आमची चूक पुसली जात नाही. "बाबा रे, एवढा चिखल कसा लागला?" एवढा एक प्रश्न आम्ही विचारला नाही. तो शब्द अजून आमच्या मनाला टोचतो.

मंडळी, या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट दिसतात. एकीत कपड्याचा फार विचार केला म्हणून फजिती झाली. दुसरीत कपड्यामुळे एका कष्टाळू माणसाची संधी गेली. मग खरे काय?

खरे असे, की कपडा माणसाची किंमत ठरवत नाही. पण मुलाखत दहा मिनिटांची असते. समोरच्याला तुमचा गाव माहीत नाही, तुमचे कष्ट माहीत नाहीत. तुम्ही तोंड उघडण्याआधी तुमचा कपडा बोलू लागतो. त्याने तुमच्याविषयी खोटे बोलू नये, एवढीच काळजी आपण घ्यायची. उसना कोट मोठेपणाचे खोटे बोलतो. मळका सदरा आळशीपणाचे खोटे बोलतो.

कपडा बोलतो हे मोठ्या माणसांनीही ओळखले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची परिषद भरली होती. तिथे जमलेल्या भगिनींना बाबासाहेबांनी मुद्दाम लुगड्याविषयी आणि दागिन्यांविषयी सांगितले. लुगडे नेसण्याच्या ज्या तऱ्हेवरून आणि ज्या दागिन्यांवरून माणसाला अस्पृश्य म्हणून ओळखले जाई, ती तऱ्हा आणि ते दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा, असा तो उपदेश होता. एवढ्या मोठ्या लढ्यात त्यांना लुगड्याची गोष्ट लहान वाटली नाही. कपड्यावरून माणसाला खाली दाबता येते. तसाच नीट कपडा घालून माणूस मान वरही करू शकतो.

आता आजोबा म्हणतील, "मग गाडगेबाबांचे काय? ते तर चिंध्या पांघरत." खरे आहे. गाडगेबाबा १८७६ साली जन्मले, १९५६ साली वारले. अंगावर ठिगळांचे वस्त्र घालून ते गावोगाव हिंडले. पण त्यांच्या हातात खराटा असे. आधी ते गाव झाडून काढत आणि मग रात्री कीर्तन करत. बाबांचे काम लोकांना डोळ्यांनी दिसत होते. त्यांना कोणाकडे नोकरी मागायची नव्हती. आपले काम अजून कोणी पाहिलेले नाही. म्हणून बाबांच्या चिंध्या घेऊ नका, त्यांची स्वच्छता घ्या.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. साधे म्हणजे काय?

साधे म्हणजे चार गोष्टी. कपडा स्वच्छ असावा. कपडा धड असावा, म्हणजे उसवलेला, बटण तुटलेला नसावा. कपडा अंगाला बसणारा असावा. आणि ज्या कामाला जायचे, त्या कामाला शोभणारा असावा. ठिगळ असले तरी लाज नाही. नीट लावलेले ठिगळ सांगते, की हा माणूस वस्तूची निगा राखतो. कपडा नवा पाहिजे, महाग पाहिजे, असे या चार गोष्टींत कोठेही नाही. म्हणून मुलाखतीच्या कपड्यांसाठी कर्ज काढू नका.

चौथी गोष्ट नीट समजून घ्या. प्रत्येक कामाचा वेश वेगळा असतो.

कारखान्यात यंत्रे असतात. पट्टा फिरतो, चाक फिरते. सैल बाही, लोंबणारा गमछा, गळ्यातली साखळी त्यात सापडली तर माणूस ओढला जातो. १९४८ सालच्या कारखाना कायद्यात चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत अशी अटच घातली होती. म्हणून कारखान्यात जाताना साधा सदरा आणि साधी पँट घालावी. सदरा आत खोचावा. बंद बूट असतील तर ते घालावेत. नसतील तर अंगठा शिवलेली, पुसलेली चप्पल चालेल. हातातले कडे आणि गळ्यातली साखळी घरी ठेवावी. हे पाहून मालकाला वाटते, "या मुलाला काम कळते."

आपल्या वर्गातल्या एक भगिनी पुढच्या आठवड्यात वसतिगृहात स्वयंपाकाच्या कामासाठी भेटायला जाणार आहेत. त्यांनी ठेवणीतली चमकणारी साडी नेसू नये. नायलॉनसारखे कापड आगीजवळ वितळते आणि अंगाला चिकटते. धुवट सुती साडी नेसावी, पदर खोचलेला असावा. केस घट्ट बांधावेत. नखे कापलेली असावीत. स्वयंपाकाच्या बाईची नखे लोक आधी बघतात, साडी मागाहून.

आणखी एक सांगतो. आपल्यातल्या काही भगिनी एकट्याने घर चालवतात. नवरा गेल्यावर नीटनेटकी साडी नेसली तर लोक काय म्हणतील, असे त्यांच्या मनात येते. बायांनो, म्हणणारे लोक तुमच्या मुलांची फी भरायला येत नाहीत. मान वर करून जा.

काय घालावे हे तरीही कळेना, तर एक सोपी युक्ती आहे. आदल्या दिवशी काम सुटायच्या वेळी त्या ठिकाणी जाऊन उभे राहा. आत काम करणारी माणसे काय घालून बाहेर पडतात ते पाहा. तुम्ही तसेच घाला, फक्त त्याहून थोडे अधिक स्वच्छ. आपला तरुण आज संध्याकाळी हेच करून आला आहे. तो म्हणतो, "गुरुजी, सफारी कोणीच घातला नव्हता. आणि भोकाची जीनही कोणी घातली नव्हती."

इस्त्री नाही? हरकत नाही. वाळलेला सदरा हाताने नीट ताणून घडी घाला आणि रात्री अंथरुणाखाली ठेवा. किंवा पितळेच्या तांब्यात कढत पाणी भरा आणि तांब्याचा बूड कापडावरून फिरवा. तांब्या फडक्याने धरा. बटणे रात्रीच तपासा. सकाळी घाई असते आणि घाईत सुई सापडत नाही. दाढी करा, केस विंचरा. अत्तर फासू नका. तोंडात तंबाखू ठेवून जाऊ नका. तंबाखूची पिचकारी चांगल्या सदऱ्याची सगळी मेहनत वाया घालवते. कागद कोरड्या पिशवीत ठेवा.

इतके करूनही वाटेत काही घडू शकते. गाडी चिखल उडवते, सायकलची साखळी पडते, पाऊस गाठतो. घाबरू नका. आधी पाणी मागून हातपाय धुवा. मग आत गेल्यावर लगेच एक वाक्य सांगा, "साहेब, वाटेत सायकल नादुरुस्त झाली, म्हणून कपड्याला डाग पडला. माफ करा." पुढे रडगाणे गाऊ नका. त्या ओढा ओलांडून आलेल्या माणसाने एवढे एक वाक्य आम्हाला सांगितले असते, तर आम्ही शरमेने उठून त्याला खुर्ची दिली असती. पण तो भिडस्त होता आणि आम्ही आंधळे होतो.

म्हणून शेवटचा शब्द दुसऱ्या बाजूच्या माणसांसाठी. आज तुम्ही लिहा-वाचायला शिकता आहात. उद्या तुमच्यातला कोणी ग्रामपंचायतीत बसेल, कोणी सोसायटीत, कोणी शाळेच्या समितीत. तुमच्यापुढे कोणीतरी मळक्या कपड्यांत कामाची आशा धरून उभा राहील. त्या वेळी कागदावर शब्द लिहिण्याआधी त्याला विचारा, "बाबा, कसा आलास?" लिहिता येऊ लागले की माणसाच्या हाती दुसऱ्याचे नशीब येते. ते जपून लिहावे.

आपल्या तरुणाचा पांढरा सदरा या घडीला घरी दोरीवर वाळतो आहे. आज दुपारी त्याच्या आईने त्याचे बटण लावले. सफारी पुन्हा ट्रंकेत गेला. नोकरी मिळेल की नाही, ते मालकाच्या हाती आहे. पण उद्या नऊ वाजता तो दारात उभा राहील, तेव्हा त्याचे लक्ष कपड्यावर नसेल, कामावर असेल.

त्याला आपण सगळे शुभेच्छा देऊ आणि आजचा वर्ग इथे संपवू.