आफ्रिकेचा चित्ता, कोल्हापूरचा चित्तेवान



कोल्हापूरहून बंगळुरूच्या रस्त्याला लागलं की गोकुळ शिरगाव मागे पडतं आणि कागलच्या अलीकडे लक्ष्मी टेकडी येते. तिथून आत वळलं की आमची कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत. फाउंड्र्या, सूत-कापडाचे कारखाने, इंजिनांचा कारखाना आणि पाळी सुटायच्या वेळी सायकलींपासून बसगाड्यांपर्यंत सगळ्यांची एकच गर्दी. या कारखान्यांच्या अधेमधे काही प्लॉट अजून रिकामे आहेत. पावसाळा सरला की तिथलं गवत पिवळं पडतं, वारा सुटला की सगळं एका दिशेला वाकतं आणि त्यातनं चालत गेलं की विजारीला कुसळं चिकटतात. विचारलं तर कुणीही सांगेल, "पडीक आहे ओ ते." आज मी या पडीक म्हटल्या जाणाऱ्या माळाबद्दल बोलणार आहे, आणि आफ्रिकेबद्दलही. दोहोंचा संबंध कोल्हापूरकरांना वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे.

आधी एक शब्द पाहू. 'सफारी' हा शब्द आपण इंग्रजांचा समजतो. तो आहे पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला, अर्थ प्रवास. स्वाहिलीत तो आला अरबीतल्या 'सफर'वरून, आणि तोच सफर आपल्याकडे फारसीच्या वाटेने येऊन मराठीत रुळला. मुसाफिर हा त्याचाच भाऊबंद. म्हणजे शब्द एकच, फक्त समुद्राच्या दोन काठांवर वाढलेला. पुढे गोऱ्या शिकाऱ्यांनी त्याला बंदुकीचा वास लावला. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आपल्या मुलाला घेऊन पूर्व आफ्रिकेत उतरले, तेव्हा त्या दोघांनी मिळून पाचशेच्या वर मोठी जनावरं मारली. सिंह, हत्ती, गेंडा, रानम्हैस आणि बिबट्या ही पाच जनावरं पायी शिकार करायला सर्वांत अवघड म्हणून त्यांचा एक मानाचा गट ठरला. आज पर्यटक तीच पाच नावं कॅमेरा घेऊन शोधत हिंडतात. केनियाने १९७७ साली शिकारीवर बंदी घातली. नामिबिया, दक्षिण आफ्रिका यांसारख्या देशांत परवाने काढून शिकार आजही चालते.

पण आपल्या कोल्हापुरात एक उलटीच गोष्ट घडली. शिकारीसाठी माणूस आफ्रिकेत जाण्याऐवजी आफ्रिकेतलं जनावर इथे आलं, आणि तेही मारायला नव्हे, तर मारून द्यायला. ते जनावर म्हणजे चित्ता.

इथे एक घोळ निस्तरला पाहिजे, कारण वर्तमानपत्रांतही तो होतो. उसाच्या फडात सापडतो तो बिबट्या. अंगावर फुलासारखी ठिपक्यांची कडी, जाडजूड मान, झाडावर चढणारा. चित्त्याच्या अंगावर भरीव काळे ठिपके असतात, डोळ्याच्या कोपऱ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ ओघळलेली असते, अंग सडपातळ, पाय लांब, आणि नख्या बिबट्यासारख्या पुरत्या आत जात नाहीत. धावपटूच्या बुटाला खिळे असतात ना, तशा त्या जमीन धरतात. तासाला शंभर किलोमीटरच्या आसपासचा त्याचा वेग आपण ऐकलेला असतो. ऐकलेलं नसतं ते पुढचं: हा वेग टिकतो जेमतेम तीन-चारशे मीटर. तेवढ्यात सावज हाती लागलं तर लागलं. मग तो धापा टाकत बसतो, कितीतरी वेळ त्याला खाताही येत नाही. काळविटाचा वेग त्याच्यापेक्षा कमी, पण दम दांडगा. म्हणून चित्त्याच्या शिकारीत सगळा खेळ त्या पहिल्या काही क्षणांचा आणि अंतराचा असतो. झाडी असली की हा खेळ होत नाही. त्याला मोकळा, सपाट, गवताचा माळ लागतो.

असा माळ दख्खनमध्ये भरपूर होता. कोल्हापूर संस्थानचे रायबाग आणि कटकोळ हे मुलूख आज कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यात आहेत. त्या बाजूला सह्याद्रीचा पाऊस पोचत नाही, जमीन कोरडी आणि उघडी. शाहू महाराजांचा मुक्काम रायबागेत वरचेवर असे, त्यांची कितीतरी पत्रं रायबाग कॅम्पवरून लिहिलेली आहेत. महाराज जन्माने कागलच्या घाटग्यांचे, म्हणजे आमच्या या वसाहतीच्या अंगणातलेच. १८७४ चा जन्म, १८८४ साली दत्तक जाऊन कोल्हापूरचे छत्रपती झाले, शिकायला राजकोटच्या राजकुमार कॉलेजात गेले. तिथे भावनगरच्या भावसिंहजींशी त्यांची दोस्ती जुळली ती जन्मभराची. पुढे हिंदुस्थानात चित्ते पाळून शिकार करणारी जी मोठी संस्थानं अखेरपर्यंत उरली, त्यांत भावनगर आणि कोल्हापूर ही दोन नावं ठळक आहेत. शाहू महाराजांनंतर १९२२ ते १९४० या काळात गादीवर असलेल्या राजाराम महाराजांच्या वेळी कोल्हापूरचे चित्ते देशभर माहीत होते.

हे चित्ते आफ्रिकेतून आणलेले होते. का आणावे लागले? तर आपले संपत आले होते म्हणून. या जनावराचा सगळ्यांत अभ्यासू इतिहास लिहिणारे दिव्यभानुसिंह सांगतात की १९१८ ते १९४५ या काळात निदान दोनशे चित्ते आफ्रिकेतून हिंदुस्थानात आणले गेले. ज्या देशाने या प्राण्याला संस्कृतातल्या 'चित्रक'वरून नाव दिलं आणि ते नाव साऱ्या जगाने उचललं, त्या देशावर हा प्राणी बाहेरून आणायची पाळी आली.

यामागचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. हत्ती, घोडा, बैल, कुत्रा ही जनावरं माणसाजवळ राहून प्रजा वाढवतात, हत्ती कमी, पण वाढवतो. चित्ता त्या काळी वाढवत नसे. अकबराच्या पदरी हजारभर चित्ते होते असं जहांगीराने लिहून ठेवलंय. एवढे चित्ते असून, पाळलेल्या मादीला पिल्लं झाल्याची घटना त्याला नवल म्हणून एकदाच नोंदवावी लागली. त्यातून पिल्लू लहानपणीच धरलं तर ते शिकार शिकत नाही. ते शिकवते आई, रानात, वर्ष-दीड वर्ष सोबत हिंडवून. त्यामुळे शिकारीला हवा असायचा आईकडून सगळं शिकून तयार झालेला, जाणता चित्ता. दरबारात आलेला प्रत्येक चित्ता रानातून कायमचा वजा झालेला होता, आणि वजा झालेला असायचा तोच, जो पुढची वीण वाढवणार होता. अशी शेकडो वर्षं वजाबाकी चालली. गावाकडची भाषा वापरायची तर बी-बियाणंच दळून खाल्लं. बाकीचं काम इंग्रजी अमलात चित्त्याला उपद्रवी ठरवून मारण्याने आणि माळ नांगराखाली जाण्याने केलं.

चित्ते धरायचे कुणी? पारध्यांनी. त्यांच्यात चित्ते धरून शिकवणाऱ्यांची एक वेगळी शाखाच होती, चित्तेवाले पारधी. चित्त्यांची माळावर ठरलेली झाडं असतात. जाता-येता तिथे थांबायचं, खोडाला नख्या घासायच्या, वास सोडायचा, ही त्यांची एकमेकांना निरोप ठेवायची जागा. पारधी ते झाड हेरत आणि भोवती कातडी वादीचे किंवा तातीचे फास मांडून ठेवत. एवढी बारीक पारख असलेल्या माणसांवर इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याच्या वाटेने जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. शाहू महाराजांनी त्याच फासेपारध्यांना सोनतळीला आणून वसवलं, पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या, आपल्याजवळ वागवलं. राजाच्या शिकारीचा इतिहास वाचताना माझं मन या ओळीपाशी थांबतं. पारध्याची नजर काय चीज आहे, हे रानात त्याच्याबरोबर हिंडलेल्या माणसालाच कळणार.

धरलेला चित्ता मग चित्तेवानाच्या हाती यायचा. चित्तेवान म्हणजे चित्त्याचा माहूत म्हणा. पहिल्यांदा डोळ्यांवर कातडी टोपी. कमरेला आणि गळ्याला पट्टा. खाटेला बांधून ठेवायचं आणि माणसांनी आळीपाळीने त्याच्याजवळ बसून बोलत राहायचं, दिवस-रात्र, बायका-पोरांनीसुद्धा. आवाजाची सवय व्हावी म्हणून. पुढे टोपी काढून भर बाजारातून फिरवायचं. मारझोड नाही, कारण मार खाल्लेला चित्ता धावतच नाही, रुसून बसतो. काही महिन्यांत रानातलं ते जनावर चित्तेवानाच्या उशाशी मांजरासारखं घुरघुरत झोपायचं. चित्ता वाघासारखी डरकाळी फोडत नाही, घुरघुरतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

शिकारीच्या दिवशी त्याला गाडीत बसवून माळावर न्यायचं. काळविटं माणूस पायी आला तर उधळतात, पण रोज दिसणाऱ्या गाडीला बुजत नाहीत. म्हणून गाडी सरळ कळपावर घालायची नाही, तिरकी तिरकी फिरवत, घेर लहान करत आणायची. आणि मग तो क्षण. टोपी काढायची कधी? लवकर काढली तर चित्त्याचा दम मधेच संपतो, उशीर झाला तर कळप उठतो. वारा, उतार, कळपातल्या काळ्या नराची जागा, चित्त्याची त्या दिवशीची भूक, हे सगळं चित्तेवानाने एका नजरेत जोखायचं. गाडीत बसलेल्या राजाच्या हातात या घडीला काहीच नसायचं. टोपी निघाली, चित्त्याने सावज पाहिलं, उडी टाकली आणि पुढच्या काही श्वासांत सगळं झालेलं असायचं. तो काळविटाचा पाय पंजाने मारून त्याला पाडतो आणि नरडं दाबून धरतो.

आता सगळ्यांत कठीण काम. उपाशी जनावराच्या तोंडातून त्याचं सावज सोडवायचं. चित्तेवान धावत जायचा, काळविटाचा गळा चिरून लाकडी पळीत रक्त धरायचा आणि ती पळी चित्त्याच्या नाकापुढे न्यायचा. चित्ता रक्त चाटायला तोंड उघडतो, तेवढ्यात सावज बाजूला आणि टोपी परत डोळ्यांवर. एका लाकडी पळीवर सगळी मदार. कोल्हापूरच्या राजवाड्याच्या संग्रहालयात पेंढा भरलेली जनावरं आहेत, बंदुका आहेत, शिकारीची छायाचित्रं आहेत. ती पाहायला गेलात तर राजाच्या शेजारी पागोटं बांधून, साखळी धरून उभ्या असलेल्या माणसाकडे पाहा. शिकार त्याची असायची.

१९४७ साली आपल्याकडच्याच कोरिया संस्थानाच्या महाराजांनी एका रात्री तीन चित्ते मारले. हिंदुस्थानी रानातले ते शेवटचे चित्ते म्हणून नोंदले गेले, आणि १९५२ साली चित्ता देशातून संपल्याचं सरकारने जाहीर केलं. संस्थानं गेली, चित्तेखाने रिकामे झाले. १९७२ च्या कायद्याने शिकारही संपली, आणि ती संपली याचा मला मनापासून आनंद आहे. काळवीट पाहायला आता आपल्याला अहिल्यानगरकडे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरकडे, रेहेकुरीला किंवा सोलापूरकडे नान्नजच्या माळावर जावं लागतं.

मग १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशात कुनोला उतरले. पाठोपाठ फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा. टीव्हीवर सांगत होते, आफ्रिकेचे चित्ते पहिल्यांदाच भारतात. मी आमच्या कँटीनमध्ये उभा होतो आणि मला ओरडून सांगावंसं वाटलं, पहिल्यांदा नव्हे हो, कोल्हापुरात ते वाढलेत, बाजारातून हिंडलेत! मार्च २०२३ मध्ये कुनोत एका मादीला चार पिल्लं झाली. कुनोतले चित्ते मोकळ्यावर वाढवायचे आहेत, टोपीची गरज नाही. पण त्यांना माळ लागणार, आणि सरकारी दफ्तरात माळाला आजही बहुतेक ठिकाणी पडीकच म्हणतात. माझं पोट कारखान्यावर चालतं, त्यामुळे कारखाना नको असं मी म्हणणार नाही. पण गवताच्या त्या तुकड्यांत अजून खोकड दिसतं, तितर ओरडतो, लाव्याची पिल्लं आईमागे पळतात. ते पाहिल्यापासून मला पडीक हा शब्द तोंडातून काढवत नाही.

जाता जाता एक विनंती. चित्तेवानांनी आपली विद्या कागदावर उतरवली नाही, ती बापाकडून मुलाकडे हातानेच गेली. कोल्हापूर, कागल, रायबाग या भागात ज्यांच्या घरात कुणी आजोबा-पणजोबा चित्तेखान्यात नोकरीला होते, त्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसावं. चित्त्याला हाक काय मारायचे, आजारी पडला तर काय द्यायचे, पळी कुठल्या लाकडाची असायची, हे विचारून वहीत लिहून ठेवावं. माळ्यावर एखादी कातडी टोपी किंवा साखळी पडलेली असेल तर भंगारात घालू नये. आणि लिहून झालं की आकाशवाणीला एक पत्र टाकावं. मी ते वाचायला येईन.