वेफर्सच्या पाकिटातला आवाज

ध्वनिरोधक काचेपलीकडे बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट. अलीकडे, सुमारे १५ फुटांवर, वेगवान कॅमेरा. पलीकडे कुणी बोललं की पाकीट थरथरतं, पण चित्रातल्या एका ठिपक्याच्या जेमतेम अंशाइतकं. तरीही २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी त्या मूक चित्रफितीतून बोलणं परत मिळवलं!

किमया फेजची. फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये यांच्या पद्धतीने कोणतंही चित्र लहानमोठ्या लाटांमध्ये सुटं करता येतं. प्रत्येक लाट किती जोरकस, हे एक; तिचा माथा नेमका कुठे, हे दुसरं. हे ‘कुठे’ म्हणजे फेज. चित्र किंचित उजवीकडे सरकलं, तर लाटांचा जोर तसाच राहतो, बदलते ती फेज. बारीक लाटेची जास्त, लांबट लाटेची कमी. मग हालचाल मोजायला ठिपक्यांचा पाठलाग कशाला?

मेख एकच. फूरियेची लाट या काठापासून त्या काठापर्यंत पसरलेली. फांदी हलली आणि भिंत स्थिर राहिली, तरी दोघींचा हिशेब एकाच वहीत. म्हणून चित्राच्या छोट्या छोट्या भागांतल्या लाटांची फेज वेगवेगळी पाहतात.

२०१३ मध्ये एमआयटीच्याच नील वाधवा आणि सहकाऱ्यांनी फेजमधला हा फरक वाढवून चित्रफीत पुन्हा जोडली. साध्या डोळ्यांना ठाम उभी दिसणारी बांधकामाची क्रेन त्यात वाऱ्याबरोबर चक्क डोलते. फरक फारच ताणला, तर मात्र वस्तूंच्या कडांना भुतासारख्या जोडसावल्या चिकटतात.