घारापुरीचा हत्ती

भायखळ्याच्या राणीच्या बागेतली गर्दी हल्ली पेंग्विनकडे धावते. शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातल्या काळ्या दगडी हत्तीपुढे लोक फार तर एक फोटो काढतात. आज मला या हत्तीविषयीच बोलायचं आहे, कारण इतकं सोसलेलं दुसरं शिल्प मुंबईत माझ्या पाहण्यात नाही.

हा मूळचा घारापुरी बेटावरचा. जुन्या काळी होड्या जिथे लागत, तिथून जवळच तो उभा असे. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा म्हटलं. १८१४ च्या सुमारास त्याचं डोकं आणि मान निखळली. पुढे १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना क्रेन मोडली आणि एकसंध खडकातून घडवलेला हा हत्ती तुकडे होऊन पडला. ते तुकडे भायखळ्याला आले आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जुळवून तो पुन्हा उभा केला गेला. क्रेन मोडली म्हणून हत्ती आपल्याकडे राहिला, असं कौतुकाने सांगतात. मला ते कौतुक करवत नाही. जे पडझड होऊनही जागेवर होतं, ते हलवायला निघाले म्हणूनच फुटलं.

आता जवळ जा. ऊन तिरकं असेल तेव्हा गेलात तर उत्तम. अंगावरून बोट फिरवू नका, नजर फिरवा. जोडाच्या रेषा कुशीवरून, खांद्यावरून आडव्यातिडव्या गेलेल्या दिसतील. एका रेषेचा माग काढत गेलात की कुठला तुकडा कुठे बसवला ते उलगडत जातं. पाठीकडेही पाहा. तिथे एक लहान प्राणी कोरलेला होता. कुणी त्याला हत्तीचं पिल्लू म्हटलं, कुणी वाघ. आजच्या पाठीवरून त्या वादाचा निकाल लागत नाही.

हा हत्ती ठोकळेबाज आहे, घारापुरीच्या लेण्यातल्या त्रिमूर्तीची नजाकत त्यात नाही, असा शेरा मी पुष्कळदा ऐकला आहे. पण त्रिमूर्ती गाभाऱ्यासारख्या अंधारात, समोर उभं राहून पाहायची. हा होता उघड्यावर, होडीतून उतरणाऱ्याच्या वाटेवर. लांबून ओळख पटायला पाठीचा उंचवटा आणि पायांचा भार पुरे. ज्याने तो घडवला त्याला हे पक्कं ठाऊक असावं, असं मला वाटतं. आपण त्याला चार हातांवरून पाहतो आणि बारकावा नाही म्हणून नावं ठेवतो. थोडं मागे सरून, झाडांच्या फटीतून त्याच्याकडे पाहा, मग बोला.

त्याला परत घारापुरीला न्यावं असं काही जण सुचवतात. भावना मला समजते, तरी माझा विरोध आहे. हे सांधे पुन्हा उकलायचा धोका कुणी पत्करू नये. मात्र गेटवेवरून सुटणाऱ्या प्रत्येक लाँचमध्ये प्रवाशांना एवढं जरूर सांगावं, की ज्याच्यावरून बेटाचं नाव पडलं तो भायखळ्याला आहे आणि त्याला पाहायला जाता येतं.